दगडाला पाझर

आमच्या माळ्यावरून काहीही खाली उतरलं की त्याचा पुढचा प्रवास ठरलेला असतो. धूळ पुसायची, "अरे, हे अजून आहे?" म्हणायचं आणि परत वर ढकलायचं. गेली कित्येक वर्षं तीन वस्तू अशा येरझाऱ्या घालत होत्या. एक, प्लास्टर ऑफ पॅरिसचा हंस. मान ऐटीत वळवलेली, पाठीवर वाडग्याएवढा खळगा, आणि चोचीचा रंग उडाल्यामुळे चेहऱ्यावर कायम सर्दी झाल्याचा भाव. दुसरी, चिनी मातीची कमरेएवढी फुलदाणी, अंगभर सोनेरी गुलाब. तिसरा, सोनेरी प्लास्टिकचा भला मोठा कलश, ज्यात पूर्वी प्लास्टिकची सूर्यफुलं असत. सूर्यफुलं गेली, कलश राहिला. तिन्ही वस्तू भेट आलेल्या. कुणी दिल्या ते आठवत नाही, पण त्याआधी त्या त्याच्याही माळ्यावर होत्या, याबद्दल मला शंका नाही.

"या वेळी टाकून देऊया," नवरा म्हणाला.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण आदल्याच रात्री मी एक व्हिडिओ पाहिला होता. त्यातली बाई असल्याच एका भयाण फुलदाणीवर करड्या रंगाचे चार बोळे मारते, वर ब्रश झटकते आणि सात मिनिटांत तिथे ग्रॅनाइटची कुंडी उभी राहते. त्या सात मिनिटांत तिच्या पांढऱ्या शर्टावर एक थेंब उडत नाही. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

"टाकायचं नाही. अपसायकलिंग करायचं."

"म्हणजे काय?"

"टाकाऊतून टिकाऊ."

"अगं, टिकाऊ आहेत म्हणूनच तर टाकता येत नाहीयेत!"

मी दुर्लक्ष केलं आणि कामाला लागले. कामाची सुरुवात अभ्यासाने करावी असं माझं मत असल्यामुळे भिंग घेऊन जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. लांबून करडी दिसणारी ग्रॅनाइटची पायरी जवळून मुळीच करडी नसते. पांढुरके-गुलाबीसर दाणे फेल्डस्पारचे, काचेसारखे धुरकट दाणे क्वार्ट्झचे म्हणजे आपल्या गारगोटीचे, आणि मधूनमधून काळ्या अभ्रकाच्या चकचकीत टिकल्या. जमिनीच्या पोटातला तापलेला रस हजारो-लाखो वर्षं निवत राहतो, तेव्हा कुठे हे दाणे डोळ्यांना दिसण्याएवढे वाढतात. माझ्याकडे शनिवार-रविवार होता.

वरच्या मजल्यावरच्या काकू खाली येता येता थबकल्या. "काय हरवलंय? मी शोधू का?"

"काही नाही काकू, पायरी बघतेय."

त्या कठड्याला घट्ट धरून, माझ्यापासून शक्य तेवढं अंतर राखून उतरल्या.

पुढचा टप्पा घासण्याचा. गुळगुळीत पृष्ठभागावर रंग नीट धरत नाही, म्हणून आधी सँडपेपरने झिलई मोडायची, मग प्रायमरचा हात द्यायचा. कोणता सँडपेपर किती ओरखडतो याचा अंदाज नव्हता, म्हणून सगळे आधी कलशावर घासून पाहिले. प्रायमरचा पहिला हातही कलशावरच दिला, तो वाळतो कसा ते पाहायला. मुळात त्या कलशाकडून मला काही अपेक्षाच नव्हती. घरात एखाद्या मुलाकडून कुणाला काही अपेक्षा नसते आणि निरोप पोचवायला, दळण आणायला त्यालाच पिटाळतात, तसं त्याचं स्थान होतं. हंस आणि फुलदाणी मात्र हुशार मुलं. त्यांना मी हळुवारपणे, प्रेमाने घासलं. म्हणजे खरं तर पुरेसं घासलंच नाही.

मग तीन वाट्यांत तीन करडे रंग कालवले: गडद, मध्यम आणि फिका. ब्रश एक, ब्रश धुवायचं पाणी एक. दुपारपर्यंत तिन्ही वाट्यांत एकमत झालं.

पण खरी गंमत स्पंजात आहे. त्याच्या सरळ कडा आधी ओरबाडून काढायच्या, नाहीतर दगडावर चौकोनी कोपरे उमटतात. स्पंज ओलसर हवा, रंग अगदी थोडा हवा, जास्तीचा आधी दुसरीकडे टिपून टाकायचा, आणि दर ठिपक्याला मनगट फिरवायचं. हे सगळं मला जमलं. जमला नाही तो अव्यवस्थितपणा. मी वाळत घातलेल्या कपड्यांना रंगवार चिमटे लावणारी बाई आहे. माझा हात एक ठिपका इथे देतो, दुसरा त्याच्यापासून बरोब्बर तेवढ्याच अंतरावर, आणि तिसरा त्या दोघांच्या मधोमध खाली. फुलदाणीची एक बाजू झाली तेव्हा सासूबाई बाहेर आल्या, मागे सरून, मान तिरकी करून त्यांनी पाहिलं आणि मनापासून म्हणाल्या, "चादरीला छान दिसेल गं हे डिझाइन."

मी डावा हात वापरून पाहिला. डोळे मिटून पाहिले. डोळे मिटले की हाताला आणखीच शिस्त लागते, हा शोध त्या दिवशी लागला. शेवटी मुलाला बोलावलं. ज्याच्या वहीत दोन ओळी कधी समांतर आल्या नाहीत, त्याच्याकडून तरी निसर्गाची बेफिकिरी मिळेल अशी आशा होती. त्याने अर्ध्या मिनिटात डायनासोर काढला. तो पुसायला मला एक तास लागला. हे सगळं चालू असताना स्पंजातला जास्तीचा रंग टिपायला मी शेजारी उभा असलेला कलश वापरत होते. उगाच कागद कशाला वाया घालवायचा!

हंसाला संगमरवर करायचं ठरलं होतं. त्याच्या रेघा पिसाने ओढतात. पिसाच्या टोकाला पातळ रंग लावायचा, हात किंचित थरथरू द्यायचा आणि ओल्यावरच बोळ्याने रेघ धूसर करायची. हात थरथरवण्यासाठी मला वेगळे कष्ट पडले नाहीत. निळसर-करड्या रेघा मानेवरून पाठीवर, पाठीवरून शेपटीकडे निघाल्या. मला त्या फारच नैसर्गिक वाटल्या. सासूबाई पुन्हा आल्या.

"ही माझ्या पोटरीवरची शीर."

"आई, काहीतरीच काय!"

त्यांनी शांतपणे पायरीवर पाय ठेवला, पातळ वीतभर वर केलं आणि हंस शेजारी धरला. तोच निळा रंग, तेच वळण, गुडघ्याखाली तसाच फाटा. त्या दिवसापासून घरात हंसाला सगळे "आईंचा पाय" म्हणायला लागले.

शिंतोड्यांना जुना टूथब्रश लागतो. तो मी न्हाणीघरातून आणला. तो नेमका किती जुना होता, याबद्दल नवऱ्याचं आणि माझं आजही मतभेदाचं नातं आहे. ब्रश पातळ रंगात बुडवून दातांवरून काडी स्वतःच्या दिशेने ओढायची. दात मागे वाकतात, सुटताना पुढे उसळतात आणि थेंब समोर उडतात. काडी पुढे ढकलली तर तेच थेंब उलट येतात. मी काडी पुढे ढकलली. चष्मा, कपाळ, मागची भिंत आणि कपाटाचं दार यांच्यावर जो ग्रॅनाइट उमटला, तसा देखणा ग्रॅनाइट मला त्यानंतर साधला नाही. कुठेही ठरवलेपणा नाही, ठिपके लहानमोठे, मध्येच दाट, मध्येच विरळ. आरशात पाहून मला माझाच हेवा वाटला.

"एवढा अट्टहास कशासाठी? शेवटी नकली ते नकलीच," भिंत पुसताना नवरा म्हणाला.

मी तयारीत होते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात इटलीतल्या पॉम्पेई शहराचे लोक घरांच्या भिंतींवर गिलाव्यात चिऱ्यांचे उठाव काढून त्यावर संगमरवराचा रंग देत असत, हे मी त्याला ऐकवलं. सतराव्या शतकात इटलीत भाजलेलं जिप्सम, सरस आणि रंग कालवून संगमरवराला लाजवतील असे खांब आणि वेदी करायचे, तेही सांगितलं. आणि १७६९मध्ये लंडनमध्ये एलिनॉर कोड या बाईंनी कृत्रिम दगडाचा कारखाना हातात घेतला. त्यांचा 'दगड' म्हणजे मुळात भट्टीत भाजलेली माती, पण बड्या बड्या लोकांच्या बागांत त्याच मातीचे कलश आणि पुतळे होते.

"पॉम्पेईच्या लोकांचं पुढे काय झालं?" त्याने विचारलं.

"ज्वालामुखी फुटला. इसवी सन ७९मध्ये."

"आणि कशाखाली गाडले गेले?"

राख आणि प्यूमिस. प्यूमिस हा दगड असतो. खरा. मी विषय बदलला.

कुंडी म्हटलं की तळाला भोक हवं. हे भोक रंगवण्याच्या आधी पाडायचं असतं, ते मला रंग, वॉर्निश, सगळं झाल्यावर आठवलं. चिनी मातीला भोक पाडायची रीत मी वाचली होती: हिऱ्याच्या कणांचं बिट, जागेवर चिकटपट्टी, थेंब थेंब पाणी, कमी वेग आणि हातात अजिबात घाई नको. फुलदाणी पालथी घातली, पट्टी लावली, पाणी सोडलं, ड्रिल टेकवलं. "ठोके मारायचं ते हॅमरचं बटण बंद आहे ना, ते बघ," नवरा म्हणाला. सूचना अगदी योग्य होती, फक्त चार सेकंद उशिरा आली. फुलदाणीच्या अकरा खापऱ्या झाल्या. त्यातल्या नऊ खापऱ्यांवर करडे ठिपके समान अंतरावर होते.

खापऱ्या मी जपून ठेवल्या, कुंडीच्या तळाशी घालायला. निचरा चांगला होतो म्हणतात. मग वाचलं की होत नाही. वरची बारीक माती पाणी धरून ठेवते आणि पुरती भिजल्याशिवाय खालच्या भरड थरात सोडत नाही. म्हणजे ओल खाली जायच्या ऐवजी उलट मुळांच्या जवळ सरकते. तुटून तरी उपयोगी पडावं, तेही त्या फुलदाणीच्या नशिबी नव्हतं.

उरला हंस. त्याच्या पाठीच्या खळग्यात माती भरून मी मनी प्लांट लावला. पहिले आठ दिवस दृष्ट लागण्यासारखे गेले. नवव्या दिवशी छातीवर एक फोड आला. दाबला तर मऊ. दहाव्या दिवशी तीन झाले, मग मानेखाली पांढरी बुरशीसारखी लव उगवली, आणि एका सकाळी शिरांसकट अख्खी कातडी सुटून लोंबायला लागली. खालच्या फरशीवर दुधट पाण्याचं थारोळं.

"आई, दगडाला पाझर फुटला!" मुलगा ओरडला. हा वाक्प्रचार त्याला त्याच आठवड्यात शाळेत शिकवला होता आणि वाक्यात उपयोग करायची संधी तो शोधत होता.

कारण नंतर कळलं. जिप्सम हे खनिज सुमारे १५० अंश सेल्सिअसला भाजलं की त्यातलं पाऊण पाणी उडून जातं, आणि उरते ती पूड म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. पाणी घातलं की ती गेलेलं सगळं पाणी परत पिते आणि घट्ट होऊन पुन्हा जिप्सम होते. पण सच्छिद्र. लिटरभर पाण्यात दोन-अडीच ग्रॅम विरघळणारं. मी वॉर्निश फासलं बाहेरून, आतला खळगा तसाच कोरा ठेवला. पाणी आतून झिरपलं आणि बाहेर यायला वाट नाही म्हणून रंगालाच ढकलत निघालं. आत एक साधा प्लास्टिकचा डबा बसवला असता तरी हंस वाचला असता. पण मला जास्त लागलं ते वेगळंच. जिप्सम म्हणजे एका अर्थी दगडच की! पाच आठवडे मी एका दगडाला दगडाचं सोंग चढवत होते. अकराव्या की बाराव्या दिवशी त्याची मान गळाली. सासूबाई म्हणाल्या, "आता मात्र माझा पाय म्हणू नका."

त्या संध्याकाळी जिन्यातल्या काकू काही कामाने आल्या. दारातच थबकल्या. "अगंबाई! केवढा हा ग्रॅनाइट! कोरून घेतलात?"

त्या कलशाकडे बघत होत्या. माझं पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट लक्ष गेलं. सगळे सँडपेपर त्याच्यावर घासले होते, प्रायमर त्याच्यावर वाळवला होता, तिन्ही करड्यांचे हजारो जास्तीचे ठिपके बघताही न बघता त्याच्यावर टिपले होते, टूथब्रशचा उरलेला रंग त्याच्यावरच झटकला होता. काकूंनी भिंगाशिवाय, पण अगदी माझ्यासारखंच वाकून पाहिलं. मग त्यांचा चेहरा बदलला.

"त्या दिवशी तुम्ही जिन्यात..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. परत जाताना त्या पायऱ्या मोजत असल्याचं मला वरून ऐकू आलं.

कलश गॅलरीत हलवायचा होता. पुढच्या रविवारी दीर आले होते, जिमवाले. मी हात घालणार तोच म्हणाले, "वहिनी, तुम्ही बाजूला व्हा. कंबर धरेल तुमची." मी सांगायला तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं, पण नवऱ्याने माझा हात दाबला. दिरांनी बाह्या सरसावल्या, पाय फाकवले, गुडघ्यांत वाकले, श्वास रोखला आणि "हं!" करून सगळा जोर लावला. कलश डोक्यावरून मागे गेला. दीर सोफ्यावर गेले. कलश छताला लागून खाली आला, दोनदा टणाटण उडाला आणि गोल फिरत कपाटाशी थांबला. एक टवकासुद्धा उडाला नाही.

आता तो गॅलरीत आहे. आत कोकोपीट भरून स्पायडर प्लांट लावला आहे. दोन्ही हलके, त्यामुळे पहिल्याच वाऱ्यात कलश आडवा होऊन कठड्यापर्यंत गडगडत गेला. मग मुलाने रस्त्याकडेचा एक धोंडा उचलून आणला, तो मी तळाशी ठेवला. निचऱ्यासाठी नाही, वजनासाठी.