देजिमाच्या पुलावरून

गेल्या महिन्यात शाळेच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. मजकूर थोडक्यात असा: जपान्यांनी टोपीकरांना, म्हणजे युरोपियनांना, एका बेटावर कोंडलं आणि देश वाचवला, आपण त्यांना वखारी दिल्या आणि राज्य घालवून बसलो. खाली, ओघानेच, आज मुंबईत बाहेरून येणाऱ्यांचं काय करावं याचा सल्ला. ‘तू तिथंच असतेस ना गं, खरं काय ते सांग,’ म्हणून मला टॅग केलेलं.

तिथंच असते खरी. नागासाकीत माझं ऑफिस आणि देजिमा, म्हणजे फॉरवर्डमधलं ते बेट, यांच्यात ट्रामचे दोन थांबे. आणि माहेर वेंगुर्ल्याचं. तिथं वलंदेजांची, म्हणजे डचांची, १७व्या शतकातली वखार आहे. छप्पर कधीच गेलं, भिंतींत झाडं रुजलीत. तेव्हा दोन्हीकडच्या वखारींबद्दल चार शब्द बोलायचा हक्क मला आहे असं मी धरून चालते.

देजिमा आता बेट राहिलेलं नाही. आजूबाजूला भराव पडला, रस्ते आले. २०१७ साली नदीवर नवा पूल झाला, त्यावरून आत जायचं. पंख्याच्या आकाराची, दीड हेक्टरच्या आतबाहेरची ही जागा १६३६ मध्ये तयार झाली ती पोर्तुगीजांसाठी. पैसा नागासाकीतल्या २५ धनिकांनी घातला. पोर्तुगीजांची हकालपट्टी झाली नि बेट ओस पडलं, तेव्हा १६४१ मध्ये हिरादो बंदरातून डचांना इथं आणून बसवलं. भाडं वर्षाला ५५ कान चांदी, म्हणजे दोनशे किलोंच्या वर. कोंडून घ्यायचं, वर भाडंही भरायचं!

हिरादो का सुटलं, तेही ऐका. डचांनी तिथं नवी दगडी वखार बांधली आणि दर्शनी भिंतीवर इसवी सनाचं वर्ष कोरलं. ख्रिस्ताच्या जन्मापासून मोजलेलं वर्ष, म्हणून १६४० मध्ये हुकूम आला: पाडा. तिथला प्रमुख फ्रांस्वा कारों याने हुज्जत न घालता आपली वखार आपणच पाडली. दुकानांच्या पाट्यांवरून आपल्याकडे कोर्टापर्यंत गेलेलं भांडण आठवून मला इथं हसू येतं, आणि लगेच थांबतंही.

बेटावर डच असायचे दहा-पंधरा. शिवाय जावा बेटावरून आणलेले गुलाम, त्यांची मोजदाद गोष्टी सांगताना कुणी करत नाही. दाराशी फलक असे: यूजोखेरीज, म्हणजे गणिकांखेरीज, बायकांना मज्जाव, कोया पर्वतावरचे भिक्षू सोडून साधूबैराग्यांना मज्जाव. नाताळ उघड साजरा करायची सोय नाही, म्हणून त्यांनी तो हिवाळी संक्रमणाच्या सणात लपवला. उन्हाळ्यात बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जकार्ताहून, गलबतं यायची, साखर आणि कापड घेऊन. शरदात तांबं नि कापूर भरून परत. मग महिनोन् महिने तीच चार तोंडं आणि समोरचा समुद्र. १६९० मध्ये आलेल्या डॉक्टर केंप्फरला हा तुरुंगच वाटला. (आपला ‘तुरुंग’ही पोर्तुगीजांकडूनच आलेला आहे म्हणतात.)

कप्तानाला, म्हणजे बेटावरच्या डच प्रमुखाला, दरवर्षी एडोला (आजच्या टोकियोला) मुजऱ्याला जावं लागे. १६९१ मध्ये शोगुन, म्हणजे तिथला खरा सत्ताधीश, त्सुनायोशी याने केंप्फरला पडद्याआडून फर्मावलं: चालून दाखव, नाच, गा, दारुड्याची नक्कल कर. त्याने केली. व्यापार हवा तर हेही करायचं.

इथवर फॉरवर्डवाल्याचं म्हणणं बरोबरच दिसतं. पण तो दुभाषे विसरला.

डचांनी जपानी शिकू नये अशी सरकारची इच्छा होती. उलट नागासाकीतली काही घराणी पिढ्यान् पिढ्या डच शिकत. पोरं लहानपणीच उमेदवारीला बसत; भरात असताना सगळे मिळून दीडशेच्या आसपास दुभाषे होते. गलबत आलं की जगाच्या बातम्या विचारून, लिहून काढून एडोला धाडत. १७७४ मध्ये डॉक्टर सुगिता गेनपाकू आणि मंडळींनी डच शरीरशास्त्राचं भाषांतर छापलं ते याच वाटेने आलेल्या विद्येवर. अमेरिकन आरमार येतंय हेही डचांनी १८५२ मध्येच कळवलं होतं; पुढच्या वर्षी त्या आरमाराचा प्रमुख पेरी येऊन ठेपला तरी तयारी नव्हती, ही गोष्ट वेगळी. दुभाष्यांना किंमतही मोजावी लागली. १८२८ मध्ये देजिमावरच्या डॉक्टर सीबोल्टकडे देशाचे नकाशे सापडले तेव्हा तो पुढच्या वर्षी हद्दपारीवर सुटला. नकाशे देणारा जपानी अधिकारी कैदेत मेला, दुभाष्यांना शिक्षा झाल्या.

आपल्याकडे जाण नव्हती हेही खोटं. मराठेशाहीतल्या आज्ञापत्रात स्पष्ट बजावलंय की टोपीकरांना वखारीला जागा समुद्रकिनारी देऊ नये, आत द्यावी. पण १६७४ मध्ये इंग्रजांचा वकील ऑक्झिंडेन रायगडावर आला तेव्हा बोलणं करून देणारा नारायण शेणवी होता. माणूस आपला, नोकरी कंपनीची. नागासाकीचा दुभाषी नागासाकीचा पगार खाई. माझ्या लेखी मोठा फरक तिथं पडला, भिंतीच्या उंचीने नाही.

एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला आणि जूनअखेर मागे घेतला गेला. विरोध करणाऱ्यांत मीही होते, आजही आहे. पण त्याच दिवसांत फोनवर येणारे थपडांचे व्हिडिओ पाहून लाज वाटायची. इथं मी परकी आहे. रहिवासाचं कार्ड सतत खिशात लागतं. घर शोधताना एका दलालाने फोनवर माझे उच्चार ऐकूनच ‘मालक परदेशी ठेवत नाहीत’ म्हणून सांगितलं. त्याच गावात एका निवृत्त बाईंनी दर बुधवारी, चहाच्या पैशात, मला दोन वर्षं जपानी शिकवलं. चुकले की त्या वाक्य पुन्हा म्हणायला लावत, तिसऱ्यांदा चुकले की सेनबेई, तांदळाची कुरकुरीत बिस्किटं, पुढे करत. आज मी जपानी बोलते ती त्या बाईंमुळे, दलालामुळे नव्हे. आपल्याकडे भाजीवाल्याला मराठी येत नाही म्हणून हात उगारणारा माणूस त्याच्याशी पहिलं वाक्य हिंदीतच बोलतो. संध्याकाळी सातला, धंदा आटोपल्यावर, त्याला मराठी शिकवणारा वर्ग किती वस्त्यांत आहे?

आणि आपण कुणाचं काय शिकलो? वेंगुर्ल्याच्या वखारीची पत्रं हेगच्या दफ्तरखान्यात डचमध्ये पडून आहेत. आमच्या गावाबद्दलची, आणि ती वाचू शकणारी मराठी माणसं बोटांवर मोजण्याइतकी.

लेकीला हे सांगायला गेले तर ती म्हणाली, माझं रांदोसेरु पण डच आहे. खरंय, दप्तराचा तो शब्द डच ‘रान्सेल’वरून आलाय. पावाला ही मंडळी ‘पान’ म्हणतात, तेही पोर्तुगीजच, आपल्या पावासारखं. आणि हाकामा या घोळदार जपानी वस्त्रासाठी वापरलं जाणारं एक रेशमी कापड आहे, ‘चाऊ’. नाव आपल्या चौलवरून पडलं. पोर्तुगीजांनी इथं आणलं, पुढे क्योतोचे विणकर तसं विणू लागले.

ग्रुपवर एवढं सगळं लिहिलं नाही. चाऊच्या पट्ट्यापट्ट्यांचा एक फोटो टाकला आणि खाली ‘चौलचं’ एवढंच. अलिबागच्या मैत्रिणीचं मिनिटाभरात उत्तर: ‘मस्तच गं, मीटर कसा देतात?’