सिडनी–सँटियागो विमान 'खोटं' कसं असेल?

"विमानकंपन्यांनीच गोल पृथ्वीचं पितळ उघडं पाडलं" असा मेसेज पुन्हा फिरू लागलाय. एरवी मी सोडून दिला असता. पण शाळेत जाणाऱ्या भाचीनेच "मामा, मग पुस्तकात खोटं लिहिलंय का?" असं विचारलं, म्हणून हे उत्तर.

पहिला आणि सर्वांत निराधार मुद्दा: पृथ्वी सपाट आहे, मधोमध उत्तर ध्रुव आहे, आणि ऑस्ट्रेलियातल्या सिडनीहून चिलीतल्या सँटियागोला थेट विमान जातच नाही. आता त्यांच्याच नकाशावर मोजू. उत्तर ध्रुवापासून दोन्ही शहरं सुमारे १३,७५० किमी दूर, त्यांच्या रेखांशांत १३८ अंशांचा फरक. म्हणजे सपाट पृथ्वीवर दोघांमधलं अंतर साडेपंचवीस हजार किमीच्या पुढे जातं. हा प्रवास प्रत्यक्षात साडेबारा तासांच्या आसपास होतो. म्हणजे ताशी दोन हजार किमीहून जास्त वेग, आवाजाच्या जवळपास दुप्पट! त्या वेगाने प्रवासी नेणारं कॉंकॉर्ड विमान २००३मध्ये बंद झालं, आणि तेही एका दमात सात हजार किमीच्या आसपासच जायचं.

गोल पृथ्वीवर हेच अंतर सुमारे ११,३४० किमी येतं. साडेबारा तासांनी भागा, ताशी ९०० किमी मिळतात. जेट विमानाचा नेहमीचा वेग तेवढाच असतो. क्वांटास आणि लाटाम या विमानकंपन्या या मार्गावर माणसं नेतात, त्यांच्या वेळापत्रकात हा वेळ कुणालाही बघता येतो. मला दुसरा पुरावा लागत नाही.

"विमान वाकडं नेऊन जादा पैसे उकळतात." उलट आहे. दोन्ही शहरं साधारण ३३-३४ अंश दक्षिण अक्षांशावर आहेत. नकाशावर आडवी सरळ रेघ धरून गेलात तर १२,८०० किमी पडतील. खाली अंटार्क्टिकाच्या दिशेला, ६२ अंश दक्षिणेपर्यंत वाकणारा मार्ग सुमारे १,४०० किमीने कमी आहे. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा, तो आपोआप दक्षिणेकडे सरकतो. भाचीला हे दोन मिनिटांत पटलं.

"पृथ्वी फिरत असती तर पश्चिमेला जाणारं विमान झटकन पोहोचलं असतं." हवा पृथ्वीबरोबरच फिरते, विमान त्या हवेत असतं. आणि प्रत्यक्षात पश्चिमेकडचा परतीचा प्रवासच तास-दीड तास जास्त घेतो, कारण तिथले जोरदार पश्चिमी वारे समोरून येतात.

"समुद्रावर विमान ट्रॅकिंगमधून गायब होतं." हे अर्धं खरं आहे. विमानाचा संदेश पकडणारे जमिनीवरचे रिसीव्हर चारेकशे किमीच्या पलीकडे ऐकू शकत नाहीत, म्हणून महासागरावर ॲपमध्ये बरेचदा अंदाजाची रेघ दिसते. रिसीव्हर नाही म्हणून विमानही नाही, हा निष्कर्ष मात्र कुठून काढला?

आणखी एक मान्य करतो: विमान दरवेळी सर्वांत जवळच्या मार्गाने जात नाही. वारा, वादळ, बंद हवाई हद्द यांमुळे वळसा पडतो. २०२२मध्ये रशियाची हद्द बंद झाल्यावर हेलसिंकी–टोकियो प्रवास साडेनऊ तासांवरून तेराच्या घरात गेला. उडालेले किलोमीटर वाढले, दोन विमानतळांमधलं अंतर होतं तेवढंच राहिलं.