चाळीस-शंभरचा घोडा

गावात कुणाचं पोरगं मोबाइलवर पैसे घालवून बसलं, की पारावरची मंडळी आधी माझ्याकडे बघतात. कारण माझी सगळी नोकरी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर, बुकमेकरच्या स्टॉलवर झाली. आधी पेन्सिलर, म्हणजे आलेला प्रत्येक डाव वहीत चढवणारा. पुढे शेठ थकले तेव्हा पाटीवर भाव लावायचं कामही माझ्याकडे आलं. म्हणून मी आणि ते फोनमधलं ॲप एकाच माळेचे मणी, असा इथे सर्वसाधारण समज आहे. मला तो मान्य नाही. का नाही, ते आज जरा लांबण लावून लिहितो.

आम्ही अलिबागजवळच्या सासवण्याचे. रेसच्या दिवशी मांडव्याहून सकाळची लाँच, तासाभरात गेटवे, तिथून महालक्ष्मी. मुंबईचा हंगाम हिवाळ्याचा, नोव्हेंबर ते एप्रिल. पावसाळ्यात लाँच बंद, पण तोवर रेसही पुण्याला गेलेल्या, त्यामुळे माझं आणि समुद्राचं कधी भांडण झालं नाही. (ती महालक्ष्मीची जागाही मुळात आपल्यासारखी खाजणच. वरळीच्या खाडीला बांध घातला नसता तर १८८३ साली तिथे घोडे कुठले पळणार, भरतीला बोईटं उड्या मारत असती.)

लोकांना वाटतं बुकी जुगार खेळतो. जो बुकी जुगार खेळतो तो दोन हंगामांत स्टॉल सोडून जातो. आमचं काम कुठला घोडा येणार हे ओळखण्याचं नाहीच, कुठलाही आला तरी आपल्याला फरक पडू नये अशी वही बांधण्याचं आहे. समजा पाच घोडे पळतायत. पहिला इव्हन मनी, म्हणजे शंभराला वर शंभर. दुसऱ्याला तीनचा भाव, म्हणजे एका रुपयाला वर तीन, तिसऱ्याला चारचा, उरलेल्या दोघांना नऊ-नऊचा. आता पहिल्यावर ५० रुपये आले, दुसऱ्यावर २५, तिसऱ्यावर २० आणि शेवटच्या दोघांवर दहा-दहा. जमा झाले ११५. यातला कुठलाही घोडा जिंकू द्या, लावलेल्या पैशासकट मला द्यावे लागतात बरोब्बर १००. उरलेल्या पंधरा रुपयांत शेठचा नफा, आमचे पगार, स्टॉलचा खर्च.

हे कागदावर. खरा पैसा असा वाटून येत नाही, एकाच अंगावर येतो. पॅडॉकमध्ये घोडे फिरत असतात तेव्हा बुकमेकरांच्या रिंगमध्ये नुसता गोंगाट, शंभर-दोनशेवाले, भावावरून घासाघीस करणारे. सुटायला चार-पाच मिनिटं उरली की एखादा माणूस येतो, आवाज न करता घोड्याचा नंबर सांगतो आणि नोटांची थप्पी ठेवतो. तो तबेल्याचा पैसा, म्हणजे घोड्याची आतली माहिती असलेल्यांचा. मिनिटभरात रिंगमधल्या प्रत्येक पाटीवर त्या घोड्याचा भाव पुसला जातो, पाचचा तीन, तीनचा दोन. आमच्या वहीत तो घोडा जड झाला, म्हणजे त्याच्यावर फार पैसा आला असेल, तर शेजारच्या स्टॉलवर आपणच त्याच्यावर पैसे लावून थोडा माल उतरवायचा, बाकीच्यांचे भाव चढवून गिऱ्हाईक तिकडे ओढायचं, आणि हे सगळं गेट उघडायच्या आत. पेन्सिलरने मान वर करायची नाही. कार्डाचा नंबर, घोडा, भाव, रक्कम. ज्या भावाने लिहिलं त्या भावाने द्यायचं, मग पुढच्या क्षणी भाव कोसळो की चढो. टोटवर, म्हणजे रेसकोर्सच्या तिकीट-खिडकीवर, तसं नसतं, तिथे सगळा पैसा एकत्र होऊन खिडकी बंद झाल्यावरच डिव्हिडंड ठरतो. म्हणून जाणता पंटर, म्हणजे पैज लावणारा, भाव बघून आमच्याकडे यायचा.

रेस संपली की लगेच पैसे, असंही नाही. जॉकीने ऑब्जेक्शन घेतलं की स्टुअर्ड, म्हणजे रेसचे पंच, फिल्म बघून निर्णय देईपर्यंत एक पैसा द्यायचा नाही. त्या दहा मिनिटांत खाल्लेल्या शिव्यांवर वेगळी पोस्ट होईल.

आता मुद्द्यावर येतो. हा सगळा व्यवहार उघड्यावर होता. पाटीवर भाव, स्टॉलवर लायसन्सधारकाचं नाव, वही तपासायला सरकारी माणूस. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात रेसकोर्सवरच्या लायसन्सवाल्या बुकमेकरला सूट आहे, ती काही मेहेरबानी नव्हे. लोक पैज लावणारच आहेत तर ती कुंपणाच्या आत, हिशेबात लागू दे, असा त्यामागचा साधा विचार. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ म्हणून मान्य केला. आणि त्या कुंपणाचा एक फायदा कुणी बोलत नाही. हरणाऱ्याला दोन रेसच्या मध्ये अर्धा तास रिकामा मिळायचा. खिशात आणलेले पैसे संपले की संपले. रोजच्या गिऱ्हाइकाचा चेहरा पडलेला दिसला की शेठ त्याला म्हणायचे, "बस आता. घरी जा, रविवारी ये." दयाबुद्धी होती असं मी म्हणणार नाही, उधार मागेल आणि ते बुडेल ही भीती जास्त. पण माणूस घरी जायचा हे खरं. रेसपायी ज्यांचे संसार बसले असे लोक मी आमच्या स्टॉलसमोरही पाहिलेत, ते नाकारत नाही.

फोनवाल्याला तुमचा चेहरा दिसत नाही. रात्री दोनला तो तुम्हाला थांबवत नाही, उलट बोनस देतो.

आणि सरकारने काय केलं? जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा रेसवर २८ टक्के लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. हा कर बुकमेकरच्या कमाईवर नाही, लावलेल्या पूर्ण डावावर आहे. वरचं उदाहरण परत काढा. ११५ रुपये जमा, त्यातले आमच्याकडे राहणार १५, आणि कर ४६. पंटरच्या बाजूने बघा. चाळीस-शंभरचा फेव्हरिट, म्हणजे शंभर लावून वर चाळीस मिळवून देणारा. डावाचे शंभर आणि वर कराचे चाळीस असे एकशे चाळीस मोजायचे. घोडा जिंकला तर हातात येणार एकशे चाळीस. घोडा पहिला आला आणि मिळाला भोपळा! त्याहून कमी भावाचा असेल तर जिंकूनही खिशातून जाणार. असा डाव शुद्धीतला माणूस लावेल का? तो कुंपणाबाहेर उभ्या बिनलायसन्सच्या माणसाकडे जातो. तिथे कर नाही, चिठ्ठी नाही, भाव आमच्याच पाटीवरचा उचललेला. सरकारला चाळीसही मिळत नाहीत आणि पूर्वी मिळायचे तेही जातात.

ब्रिटनने यावर २००१ मध्येच मार्ग काढला. डावावरचा कर सोडला आणि बुकमेकरच्या उरलेल्या नफ्यावर १५ टक्के लावला. गिऱ्हाईक आडोशाला जायचं कारणच उरलं नाही. आपल्याकडे हे सुचवलं की "जुगाऱ्यांना सवलत कशाला" असा प्रश्न येतो. अहो, सवलत आज ज्याला मिळतेय तो तर तुमच्या वहीतच नाही.

"मग सगळंच बंद करा" म्हणणाऱ्यांसाठी दोन उदाहरणं. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला. पारावर येऊन बघा, पोरं अजून मान खाली घालून बसलेली असतात आणि ते काही पंचांग बघत नसतात. दुसरं आपल्याच किनाऱ्यावरचं. ओहोटीला वाळू कडक झाली की अलिबाग-मुरूडकडे बैलगाड्या आणि घोडागाड्यांच्या शर्यती लागतात. बैलगाड्यांवर २०१४ मध्ये बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने परवानगी दिली, २०२३ मध्ये घटनापीठाने कायदाही वैध ठरवला. पण बंदी असो वा नसो, किनाऱ्यावरच्या गर्दीत हातातून हातात जाणाऱ्या नोटा मी दोन्ही काळांत बघितल्यात. तिथे भाव कोण ठरवतो? हरलेल्याने तक्रार कुठे करायची? पैसे घेऊन माणूस उंडीच्या बनातून पसार झाला तर?

परवा पुतण्याने विचारलं, "काका, तुमच्या वेळचं लायसन्स आज घेऊ का?" मी म्हटलं, त्यापेक्षा मांडव्याला वडापावची गाडी टाक, तिच्यावर पाच टक्केच आहे. डर्बीला, फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, मी जाणार आहे. घोडे बघायला. आणि करासकट चाळीस-शंभरचा फेव्हरिट घ्यायला रिंगमध्ये कोण येतं, तेही बघायला.