दूध काढणारं बाळ आणि अ‍ॅसिडिटीचं औषध

आयांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘पाजल्यावर बाळ दूध काढतं, पाठीची कमान करून रडतं? अ‍ॅसिडिटीच ती. औषध लगेच सुरू करा, नाहीतर अन्ननलिका जळेल. आईचं तिखट-आंबट बंद. रात्री पालथं झोपवा.’

‘दूध फाटून येतं, हाच पुरावा’ असंही त्यात आहे. अहो, पोटात गेलेलं दूध फाटणारच, पचन तिथूनच सुरू होतं. उलट नुकतंच पाजलेलं असताना दुधामुळे आम्ल सौम्य झालेलं असतं. दूध वर येतं कारण जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू कच्चा, आहार सगळा पातळ आणि बाळ दिवसभर आडवं. निदान 40 टक्के बाळं दूध काढतात, साधारण चौथ्या महिन्यात सर्वांत जास्त. वर्षाच्या आत त्यांतल्या 90 टक्के बाळांचं ते आपोआप थांबतं.

मग रडणं? 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा 162 रडणाऱ्या बाळांपैकी निम्म्यांना लॅन्सोप्राझोल हे आम्ल कमी करणारं औषध दिलं, निम्म्यांना नुसतंच दिखाऊ औषध. दोन्हीकडे 54 टक्के बाळं सुधारली. फरक पडला तो गंभीर दुष्परिणामांत, विशेषतः छातीच्या संसर्गात. खरं औषध घेणाऱ्यांत ते जास्त निघाले. आम्ल जंतूही मारतं, हे मेसेजवाले विसरतात. 2018 च्या युरोप-अमेरिकेच्या संयुक्त मार्गदर्शिकेतही, एरवी निरोगी बाळ नुसतं रडतं किंवा दूध काढतं म्हणून आम्ल कमी करणारी औषधं देऊ नका, असंच आहे. अन्ननलिकेला खरोखर सूज असेल तर ती द्यावीच लागतात, पण डॉक्टरांनी ठरवून.

आईच्या मिरचीचा इथे काही संबंध नाही. गाईच्या दुधातल्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी मात्र अगदी अशीच दिसू शकते. शंका असेल तर डॉक्टर दोन ते चार आठवडे आईचं दूध-दही बंद करून पाहतात. अंगावरचं पाजणं चालूच ठेवायचं.

पालथं झोपवणं तर धोक्याचं. झोपेत अचानक मृत्यूचा धोका त्याने वाढतो. पाजून झाल्यावर ढेकर काढा, थोडा वेळ खांद्यावर उभं धरा आणि झोपवताना उताणंच.

माता-बाल संरक्षण कार्डावर वजनाची रेघ वर चढतेय, बाळ हसतंय, तर फडकी धुवत राहा. वजन अडलं, पाजताना ठसका लागतो, बाळ दूधच नाकारतं किंवा सहा महिन्यांनंतर हे नव्याने सुरू झालं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. हिरवी उलटी, रक्त, दोन महिन्यांपर्यंतच्या बाळाची दर पाजण्यानंतर लांब उडणारी उलटी, फुगलेली टाळू किंवा मलूल बाळ: यांत सकाळची वाट पाहायची नाही.