‘तसा माणूस अस्तित्वातच नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: शरीरात गेलेल्या किरणोत्सारी औषधाचा अवयवांना मिळणारा डोस आपण एका काल्पनिक शरीरावर काढतो, तसा माणूस जगात कुठेच नाही, म्हणून हे आकडे सांगणं ही रुग्णाची फसवणूक आहे.

एका बाबतीत तुम्ही मला बरोबर पकडलंत. ‘रुग्णाच्या यकृताला इतका डोस मिळतो’ असं मी लेखात सरळ लिहून टाकलं होतं. तो डोस संदर्भ-शरीराच्या, म्हणजे त्या काल्पनिक नमुना-शरीराच्या, यकृताचा होता. ते वाक्य आज दुरुस्त केलं आहे.

फसवणूक हा शब्द मात्र मला मान्य नाही. या हिशेबाचे दोन भाग असतात. औषध अवयवात किती शिरलं आणि किती वेळ टिकलं, हे उपचारापूर्वी रुग्णावरच मोजता येतं. मॉडेल लागतं ते दुसऱ्या भागासाठी: त्या अवयवात औषधाच्या एका अणूतून किरण बाहेर पडले की कोणत्या अवयवात किती ऊर्जा मुरते.

आयोडीन 131 घ्या. समजा थायरॉइडमध्ये 10 मेगाबेकरेल (किरणोत्साराचं एकक) साठलं आणि दर सात दिवसांनी निम्मं होत गेलं. त्यातून बाहेर पडणाऱ्या बीटा कणांची (वेगवान इलेक्ट्रॉनांची) मिळून साधारण 0.27 ज्यूल ऊर्जा तिथे मुरते. मॉडेलमधल्या पुरुषाची ग्रंथी 20 ग्रॅमची, म्हणजे डोस सुमारे 13 ग्रे (एक ग्रे म्हणजे किलोमागे एक ज्यूल). रुग्णाची ग्रंथी सुजून 40 ग्रॅमची झाली असेल, तर तीच ऊर्जा दुप्पट वजनात वाटली जाते आणि डोस साडेसहाच्या आसपास येतो. हे बीटा कण ऊतीत जेमतेम दोन मिलिमीटरपर्यंत जातात, त्यामुळे ग्रंथी गोल की लांबट यापेक्षा तिचं वजन महत्त्वाचं. ते सोनोग्राफीवरून काढता येतं आणि मॉडेलचा आकडा त्या प्रमाणात बदलता येतो.

त्याच औषधातून निघणाऱ्या गॅमा किरणांचं तसं नाही. ते शेजारच्या अवयवांपर्यंत पोचतात, आणि तिथे अवयवांमधलं अंतर, अंगातली चरबी, उंची सगळं मोजावं लागतं. तिथे तुमची शंका रास्त आहे. 1969 चं एमआयआरडी (अमेरिकेतल्या अणुवैद्यक तज्ज्ञांची डोस-समिती) मॉडेल लंबगोल, दंडगोल आणि शंकूंचं होतं. 2009 मध्ये आयसीआरपीने (किरणोत्सारापासून संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय आयोग) खऱ्या माणसांच्या स्कॅनवरून बारीक ठोकळ्यांची दोन शरीरं प्रसिद्ध केली: पुरुष 176 सेंटीमीटर, 73 किलो, स्त्री 163 सेंटीमीटर, 60 किलो. पण काही मिलिमीटरच्या ठोकळ्यात जठराच्या अस्तराचा पातळ थर मावत नाही, म्हणून 2020 मध्ये जाळीच्या पृष्ठभागांची मॉडेलं आली. लहान मुलांची वेगळी मॉडेलं आहेत, आणि ती हवीतच: नवजात बाळाची थायरॉइड सव्वा-दीड ग्रॅमची असते.

मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. एकदाच मोजमाप घेऊन औषध पुढे किती दिवस टिकेल याचा अख्खा आलेख काढला, तर मॉडेल कितीही देखणं असलं तरी उत्तर चुकतं.

तुम्ही रिपोर्टवरच्या मिलिसिव्हर्टमधल्या आकड्याबद्दलही विचारलंत. तो परिणामी डोस, म्हणजे सगळ्या अवयवांचे डोस त्यांच्या नाजूकपणानुसार एकत्र करून काढलेला एकच आकडा; तो संदर्भ पुरुष आणि स्त्री यांची सरासरी काढून ठरतो. तपासण्यांची आपसात तुलना करायला तो चांगला, पण त्यावरून एका माणसाचा कर्करोगाचा धोका काढू नये. उपचार चालू असेल तर डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा: अवयवाचं वजन माझ्याच स्कॅनवरून घेतलंय का, आणि मोजमाप किती वेळा झालं?