ऱ्हुमॅटिक हृदयविकार असलेल्या मुलाला घरी बसवणे हा उपचार नव्हे

पालकांमध्ये एक मजकूर वारंवार पुढे पाठवला जातो: ऱ्हुमॅटिक हृदयविकार (घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापामुळे हृदयाच्या झडपांना होणारी इजा) असलेल्या मुलाचे खेळणे कायमचे बंद करावे, झडपेचे ऑपरेशन झाले की प्रश्न मिटतो, आणि धाप लागत नसेल तर दर महिन्याच्या इंजेक्शनाचा जाच थांबवावा. यामागची काळजी खरी असली, तरी तिन्ही सल्ले मुलाचे नुकसान करणारे आहेत.

खेळाविषयीच्या विधानात सत्याचा अंश आहे. झडप फार अरुंद झाली असेल किंवा हृदयाला नुकतीच सूज आली असेल, तर विश्रांती हवीच. परंतु झडपेतून किरकोळ गळती असलेल्या, कोणतेही लक्षण नसलेल्या मुलावर सरसकट बंदी घालण्यास आधार नाही. इको (हृदयाची सोनोग्राफी) पाहून किती मुभा द्यायची हे हृदयरोगतज्ज्ञांनी ठरवायचे असते. मुलांचे जीवनमान मोजणाऱ्या पेड्सक्यूएल या प्रश्नावलीतील २३ प्रश्नांपैकी फक्त ८ शारीरिक क्षमतेविषयी आहेत. उरलेले १५ भावना, सवंगडी आणि शाळा यांविषयी आहेत. मैदानाच्या कडेला इतरांची दप्तरे राखत बसलेले मूल सुरक्षित दिसते, पण त्या १५ प्रश्नांना ते काय उत्तर देईल, याचा विचार बंदी घालणाऱ्यांनी करावा.

ऑपरेशनाने जीव वाचतो, प्रश्न मिटत नाही. धातूची झडप बसवल्यास रक्त पातळ ठेवणारे औषध आयुष्यभर घ्यावे लागते, आणि दर महिन्याचे पेनिसिलिनचे इंजेक्शनही थांबत नाही.

सर्वांत घातक सल्ला इंजेक्शन थांबवण्याचा आहे. घशातील स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूच्या प्रत्येक नव्या संसर्गानंतर ऱ्हुमॅटिक ताप उलटू शकतो आणि प्रत्येक वेळी झडपेवर नवा व्रण पडू शकतो. दर ३ ते ४ आठवड्यांनी दिले जाणारे बेंझाथिन पेनिसिलिन नेमके हेच रोखते. युगांडामध्ये कोणतीही लक्षणे नसलेल्या, केवळ इकोमध्ये विकार आढळलेल्या मुलांवर झालेल्या चाचणीत, २ वर्षांनंतर इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी ०.८ टक्के मुलांचा आजार वाढला होता, न घेणाऱ्यांपैकी ८.२ टक्के मुलांचा. धाप नसणे म्हणजे धोका नसणे नव्हे, हे याहून स्पष्ट काय सांगणार?

इंजेक्शन दुखते, हे मात्र शंभर टक्के खरे आहे. औषध दाट, पांढरे, सुईत अडकणारे असते, आणि तारीख जवळ आली की मूल आदल्या रात्रीपासून गप्प होते. ते दुखणे नाकारू नये, कमी करावे: फ्रीजमधील औषध आधी खोलीच्या तापमानाला आणणे, टोचण्यापूर्वी त्या जागी अंगठ्याने काही सेकंद दाबून धरणे, पिस्टन सावकाश ढकलणे. भुलीचे लिग्नोकेन मिसळता येईल का, किंवा झडप गंभीर बिघडली असल्यास गोळ्यांचा पर्याय आहे का, हे पालकांनी पुढच्या तारखेपूर्वीच डॉक्टरांना विचारावे.