"वाळवून ठेवलाय रे"

आज माळ्यावरून टेंट काढला. पिशवीची नाडी सैल केली आणि असा कुबट भपका आला की पोटात धस्स झालं. जूनमध्ये एक मित्र राजमाचीला काजवे बघायला घेऊन गेला होता. परत देताना म्हणाला, "वाळवून ठेवलाय रे." मी विश्वास ठेवला, पिशवी न उघडता वर टाकली. चार महिने! आतल्या कापडावर काळ्या बुरशीचे ठिपके, आणि फ्लायची, म्हणजे टेंटवर पावसासाठी घालायच्या वरच्या कापडाची, आतली बाजू हाताला चिकट लागतेय. अहो, त्या बाजूचं कोटिंगच पाणी अडवतं. ओल कोंडली की ते सुटतं, आणि सुटलं की संपलं.

फोन केला तर म्हणतो, "दे, मशीनमध्ये फिरवून आणतो." मशीनमध्ये? उरलंसुरलं कोटिंगही जाईल की! स्पंज, साधं पाणी, अगदी सौम्य साबण, आणि सावलीत वाळवायचा, कारण कडक ऊन नायलॉन खातं. एवढंच तर करायचं असतं.

मान्य, वन बीएचकेत पावसाळ्यात टेंट पसरायला जागा नसते. पण रात्रभर हॉलमध्ये पंख्याखाली टाकता येतो ना? आमच्या घरी बाबा ओली छत्रीसुद्धा मिटू द्यायचे नाहीत. दाराशी उघडी ठेवायची, वाळली की मगच खुंटीला.

आणि हीच माणसं गडावर टाक्याच्या काठावर बसून पोह्यांचं पातेलं लिक्विड सोपने घासतात. फेस थेट टाक्यात. उद्या तिथे येणारा तेच पाणी पिणार आहे! पाणी बाटलीत भरून लांब जा, चुलीतली राख घ्या, तिकडे घासा. आपल्या आधी येणाऱ्यांनी ते पाणी जपलं म्हणून आपल्याला मिळालं.

जाऊ दे. खरं तर राग टेंटच्या किमतीचा नाहीच. पहिल्या पगारातून घेतला होता तो. हरिश्चंद्रगडावर एकदा रात्रभर पाऊस झोडपत होता, आम्ही तिघं आत, आणि सकाळी स्लीपिंग बॅग कोरड्या. घरी आल्यावर चेनमधला चिखल मी जुन्या टूथब्रशने दाता-दातातून काढला होता. "वाळवून ठेवलाय" म्हणताना त्याने निदान एकदा हात लावून बघायला हवं होतं.

आत्ता धुऊन गॅलरीत दोरीवर टाकलाय. वास अजून येतोय. शनिवारी पाचनई गावाकडून हरिश्चंद्रगडावर जातोय, आभाळ स्वच्छ असलं तर फ्लायशिवायच लावेन.